डासांविरुद्ध घातलेला बांध

फ्लोरिडातल्या मेरिट आयलंड अभयारण्यात ‘ब्लॅक पॉइंट वाइल्डलाइफ ड्राइव्ह’ हा ७ मैलांचा एकेरी कच्चा रस्ता आहे. सोबत वाटाड्या नसतो. सुरुवातीला माहितीपत्रक घ्यायचं आणि क्रमांकांच्या पाट्या पाहत आपल्याच गाडीनं सावकाश जायचं. इथे गाडीच लपणाचं काम करते. दार उघडून पाय खाली ठेवला की बगळे उठतात. काच खाली करून इंजिन बंद केलं, तर ते आपल्याला जुमानत नाहीत.

हिवाळ्यातल्या सकाळी मी तशीच थांबत गेले. उथळ पाण्यात गुलाबी चमचा चोच किंचित उघडी ठेवून, डोकं डावीउजवीकडे फिरवत चिखल चाळत होता. पलीकडे तांबूस बगळा पंख पसरून धावायचा आणि गर्रकन वळून मासा टिपायचा. जरा खोल पाण्यात तलवार बदकं शेपट्या वर करून चरत होती. प्रत्येकाची पाण्याची खोली ठरलेली.

ती खोली माणसं राखतात, कारण हा रस्ता मुळात बांध आहे. इथला खाजणी डास साचल्या पाण्यात नव्हे, ओल्या चिखलावर अंडी घालतो. पाणी चढलं की अळ्या बाहेर पडतात. म्हणून १९५० आणि १९६०च्या दशकांत बांध घालून खाजण बुडवून ठेवलं गेलं. डास घटले, पण खाजणातल्या गवतात घरटी करणारी डस्की सीसाइड स्पॅरो ही गडद चिमणीही इथून गेली. सेंट जॉन्स नदीकाठचा तिचा दुसरा आसरा निचरा, रस्ते आणि वणव्यांनी संपवला. शेवटचा नर १९८७ साली बंदिवासात मेला.

नासाच्या जमिनीवर १९६३ मध्ये अभयारण्य झालं. आज तेच बांध पक्ष्यांसाठी राबतात. बांधाच्या पोटातल्या नळांवर फळ्या घालून-काढून पाण्याची पातळी सांभाळतात. पाणी उतरवलं की चिखलात टिपणाऱ्या छोट्या पक्ष्यांची सोय होते. नळ उघडले की इंडियन रिव्हर खाडीतले मासे आणि खेकडे आत येतात. गोव्याच्या खाजणात मानशीची दारं भरती-ओहोटी सांभाळतात, तसंच हे काम.

इथे येणाऱ्यानं पक्ष्यांइतकेच हे नळही निरखून पाहावेत. एक उपद्रव मिटवण्यासाठी कुठलीही पाणथळ अडवण्यापूर्वी, त्या पाण्यावर आणखी कोण जगतं हे विचारायलाच हवं. इथे तो प्रश्न फार उशिरा विचारला गेला.