जुन्या गाडीचा ऑइल फिल्टर

१९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८००सारख्या जुन्या गाडीचे जतन निष्ठेने करणाऱ्यांनी, नवा फिल्टर बाह्यतः जुन्यासारखा दिसतो एवढ्यावर भिस्त न ठेवता, त्याच्या आट्यांची खातरजमा अवश्य करावी. कारण २० मिलिमीटरचे आणि पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे आटे नजरेला एकरूप भासले, तरी पाऊण इंची आट्यांवर २० मिलिमीटरचा फिल्टर सैल बसतो आणि तेलाच्या दाबाने निखळून इंजिनाचा घात करू शकतो. आडव्या बसणाऱ्या फिल्टरात तेल रोखून धरणारी झडप नसेल, तर रात्रीतून तेल ओघळून सकाळी इंजिन काही क्षण कोरडेच खडखडते. जुना रबरी वॉशर इंजिनाला चिकटून राहिला नाही ना, हे बोटाने चाचपावे, नव्यावर तेलाचा हात फिरवावा आणि फिल्टर हातानेच आवळावा.