इंग्रजीतील क्रियापद–सर्वनाम–नामपद रचना

इंग्रजी वाक्यात क्रियापदानंतर कर्मस्थानी सर्वनाम आणि त्याला लागूनच एखादे नामपद येते, अशा वाक्यबंधाला क्रियापद–सर्वनाम–नामपद रचना म्हणता येईल. ‘शी गेव्ह मी अ बुक’ (तिने मला पुस्तक दिले) आणि ‘दे कॉल हिम अ लीडर’ (ते त्याला नेता म्हणतात) ही तिची साधी उदाहरणे होत. दोन्ही वाक्यांचा बाह्य आकार एकसारखा असला, तरी त्यांतील नामपदाचे कार्य भिन्न आहे. पहिल्या वाक्यात ते दुसरे कर्म आहे, तर दुसऱ्या वाक्यात सर्वनामाचेच वर्णन करणारे पूरक आहे. हा भेद न कळल्यास वाक्याचा अर्थ आणि त्याचे प्रयोगांतर दोन्ही चुकतात.

प्रकार

दोन कर्मांची रचना

देणे, पाठवणे, दाखवणे, सांगणे, शिकवणे अशा अर्थाच्या क्रियापदांना दोन कर्मे लागतात. ज्याला वस्तू मिळते ते अप्रत्यक्ष कर्म आणि जी वस्तू दिली जाते ते प्रत्यक्ष कर्म. इंग्रजीत अप्रत्यक्ष कर्म आधी येते. क्रम उलटल्यास मध्ये शब्दयोगी अव्यय घालावे लागते. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘लेंड’, ‘शो’, ‘टीच’ यांच्यासाठी ‘टू’, तर ‘बाय’, ‘मेक’, ‘कुक’, ‘फाइंड’ यांच्यासाठी ‘फॉर’ हे अव्यय वापरतात. उदाहरणार्थ, ‘शी गेव्ह अ बुक टू मी’, ‘शी बॉट अ बुक फॉर मी’. दोन्ही कर्मे सर्वनामे असतील, तर ‘गिव्ह इट टू मी’ असाच क्रम सामान्यतः पसंत केला जातो.

कर्म आणि कर्मपूरक

करणे, म्हणणे, निवडणे, नेमणे, नाव ठेवणे, समजणे या अर्थाच्या क्रियापदांनंतर येणारे नामपद कर्माहून वेगळी वस्तू दर्शवत नाही. कर्म कोण आहे अथवा कोण झाले, एवढेच ते सांगते. येथे ‘टू’ किंवा ‘फॉर’ घालून क्रम बदलता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे जन्मलेले माधव श्रीहरी अणे यांना लोक ‘लोकनायक’ म्हणत. ‘पीपल कॉल्ड हिम लोकनायक’ या वाक्यात ‘हिम’ आणि ‘लोकनायक’ ही एकच व्यक्ती आहे.

या प्रकारात उपपदाचा एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. एका वेळी एकच व्यक्ती धारण करते अशा पदाचे नाव पूरक असल्यास उपपद गाळण्याची रीत आहे. पुसदजवळील गहुली येथील वसंतराव नाईक 1963 साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्याविषयी ‘दे मेड हिम चीफ मिनिस्टर’ असे लिहिले जाईल. परंतु अनेक मंत्र्यांपैकी एक असा अर्थ असल्यास ‘दे मेड हिम अ मिनिस्टर’ असे ‘अ’ उपपदासह लिहावे लागेल. यवतमाळ येथे जानेवारी 2019 मध्ये भरलेल्या 92व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी अरुणा ढेरे यांची निवड झाली होती. ‘दे चोझ हर प्रेसिडेंट’ हे वाक्यही याच नियमात बसते.

मूल्य व कालावधी दर्शवणारी रचना

‘इट कॉस्ट मी टेन रुपीज’ (त्याला मला दहा रुपये पडले) किंवा ‘इट टूक मी टू अवर्स’ (त्याला मला दोन तास लागले) या वाक्यांतील नामपद किंमत वा वेळ दर्शवते. अशा वाक्यांचे सहसा कर्मणी प्रयोगात रूपांतर होत नाही.

आभासी रचना

‘आय मेट हिम लास्ट मंडे’ या वाक्यातही सर्वनामानंतर नामपद आहे. परंतु ‘लास्ट मंडे’ हे कर्मही नाही आणि पूरकही नाही. ते कालवाचक क्रियाविशेषणाचे काम करते आणि ते काढून टाकले तरी वाक्य पूर्ण राहते.

संदिग्धता

काही क्रियापदे पहिल्या दोन्ही प्रकारांत येतात. ‘कॉल मी अ टॅक्सी’ या वाक्याचे ‘माझ्यासाठी टॅक्सी बोलवा’ आणि ‘मला टॅक्सी म्हणा’ असे दोन अर्थ होतात. इंग्रजी विनोदांत याचा पुष्कळ उपयोग केला जातो. ‘शी मेड हिम अ कप ऑफ टी’ आणि ‘शी मेड हिम अ डॉक्टर’ या वाक्यांत क्रियापद एकच आहे, पण रचना दोन आहेत.

मराठीत हा भेद क्रियापदावरून उघड होतो. ‘तिने त्याला चहा करून दिला’ या वाक्यात ‘दिला’ हे रूप ‘चहा’ या पुल्लिंगी कर्मानुसार आले आहे. चहाच्या जागी भाकरी असती तर ‘करून दिली’ झाले असते. याउलट ‘तिने त्याला डॉक्टर केले’ हा भावे प्रयोग आहे. ‘त्यांनी तिला मुख्याध्यापिका केले’ असे म्हटले तरी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनीच राहते. इंग्रजी वाक्य मराठीत आणताना ‘करून दिला, दिली, दिले’ हे शब्द सहज बसले तर दोन कर्मांची रचना, आणि नुसते ‘केले’ पुरेसे झाले तर पूरकाची रचना, अशी ढोबळ कसोटी लावता येते.

प्रयोगांतर

दोन कर्मांच्या वाक्याचे कर्मणी प्रयोगात दोन प्रकारे रूपांतर होते: ‘आय वॉज गिव्हन अ बुक’ आणि ‘अ बुक वॉज गिव्हन टू मी’. पूरकाच्या वाक्याचे मात्र एकच रूपांतर शक्य असते. ‘शी वॉज चोझन प्रेसिडेंट’ हे बरोबर आहे. ‘प्रेसिडेंट वॉज चोझन हर’ हे इंग्रजी नव्हे. शालेय व्याकरणातील प्रयोग बदलण्याच्या प्रश्नात पूरकालाच कर्म समजल्याने अशी चूक होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्राचीन इंग्रजीत तृतीय पुरुषी पुल्लिंगी सर्वनामाची द्वितीया ‘हिने’ आणि चतुर्थी ‘हिम’ अशी वेगळी रूपे होती. कालांतराने ‘हिने’ लुप्त झाले आणि ‘हिम’ या एकाच रूपाने दोन्ही कामे पत्करली. मराठीतही द्वितीया व चतुर्थी यांचे एकवचनी प्रत्यय (स, ला, ते) सारखेच आहेत. संस्कृतात ‘दा’ धातूच्या योगात घेणाऱ्याला चतुर्थी लागते आणि तो संप्रदान ठरतो. त्यामुळे ‘देणे’ हे क्रियापद मराठी शालेय व्याकरणात द्विकर्मक म्हटले जात असले, तरी पाणिनीय परंपरेतील द्विकर्मक धातूंत ‘दा’ची गणना होत नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठी ए. एस. हॉर्नबी यांनी 1954 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथात क्रियापदांचे 25 साचे मांडले. त्यात वरील रचना स्वतंत्र साचे म्हणून येतात.

वऱ्हाडी भाषकांच्या दृष्टीने

यवतमाळ जिल्ह्यात प्रमाण मराठीबरोबर वऱ्हाडी बोली प्रचलित आहे. कोलामी, गोंडी व बंजारा या भाषाही येथील अनेक घरांत बोलल्या जातात. अशा घरांतील मुलांना शाळेतील मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिच्यानंतर येते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी मराठी शाळांत ते पाचवीपासून सुरू होई.

वऱ्हाडीत ‘ला’ऐवजी ‘ले’ हा प्रत्यय येतो: मले, तुले, त्याले. ‘मले पानी दे’ आणि ‘त्याले पाय’ या दोन्ही वाक्यांत प्रत्यय एकच आहे. त्यामुळे प्रत्ययावरून इंग्रजी रचना ओळखता येत नाही आणि दोन प्रकारच्या चुका वारंवार आढळतात. प्रमाण मराठी बोलणाऱ्यांकडूनही त्या होतात.

पहिली चूक ‘मला’ हे पद थेट इंग्रजीत नेल्याने होते. ‘मला धडा समजावून सांगा’ याचे ‘एक्सप्लेन मी द लेसन’ असे भाषांतर केले जाते. परंतु ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘से’ ही क्रियापदे अर्थाने सांगण्याच्या वर्गातील असूनही दोन कर्मांची रचना घेत नाहीत. ‘एक्सप्लेन द लेसन टू मी’ हेच शुद्ध होय. ‘टेल’ मात्र ती रचना घेते. म्हणून केवळ अर्थावर विसंबून न राहता प्रत्येक क्रियापदाचा साचा लक्षात ठेवावा लागतो.

दुसरी चूक ‘म्हणून’ या अव्ययामुळे होते. ‘त्याला दादा म्हणून हाक मारतात’ याचे ‘दे कॉल हिम ॲज दादा’ असे भाषांतर होते. ‘कॉल’ व ‘नेम’ यांच्या पूरकाआधी ‘ॲज’ येत नाही, ‘रिगार्ड’नंतर ते आवश्यक असते, ‘इलेक्ट’, ‘अपॉइंट’ व ‘चूझ’ यांच्याबरोबर दोन्ही पद्धती रूढ आहेत.