गाडी अडली, तर आधी काय पाहावे?

चूल पेटत नसली म्हणजे घरातली बाई काय करते? ती चूल मोडून टाकीत नाही. आधी ती लाकूड ओले आहे का ते पाहते. मग राख साचून वारा कोंडला आहे का ते पाहते. मग फुंकणी हाती घेते. एकेक कारण पाहत गेले म्हणजे दोष सापडतो.

मोटारीचे इंजिन ही सुद्धा एक चूलच आहे. तिला चार गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब. चारांपैकी एक जरी नसली, तरी गाडी चालत नाही. म्हणून गाडी अडली की पहिला प्रश्न हाच : चारांपैकी काय कमी आहे?

कार्बोरेटर म्हणजे काय?

सांगलीचे वालचंद कॉलेज आपण ऐकून आहोत. ज्यांचे नाव त्या कॉलेजला आहे, ते वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली मोटारी बनविणारी प्रीमियर कंपनी काढली. तिच्या मुंबईच्या कारखान्यात फियाट गाडी तयार होई. पुढे तिलाच पद्मिनी म्हणू लागले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. पद्मिनी आणि सुरुवातीच्या मारुती, दोन्हींत कार्बोरेटर असे.

कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा एकत्र करतो. अत्तराचा फवारा आठवा. अरुंद जागेतून हवा जोराने गेली की अत्तर वर ओढले जाते व त्याचे तुषार होतात. इथेही तसेच होते. पेट्रोल ज्या बारीक भोकातून येते त्याला जेट म्हणतात. पेट्रोलच्या वाटीत एक फ्लोट असतो. पाण्याच्या टाकीतल्या गोळ्याप्रमाणे तो वाटी भरताच पेट्रोल अडवतो. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते.

नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. जुन्या गाडीचा दोष मात्र डोळ्यांनी, नाकाने आणि कानाने शोधता येतो.

आधी जीव सांभाळा

बिडी-काडी दूर ठेवा. पेट्रोल पाहायला काडी ओढू नका, बॅटरी वापरा. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि माणूस झोपल्यासारखा मरतो. इंजिन तापले असता रेडिएटरचे झाकण उघडू नका.

आणि गाडीत आजारी माणूस असेल, तर दुरुस्ती करीत बसू नका. १०८ ला फोन करा.

पाहण्याचा क्रम

१. चावी फिरवल्यावर स्टार्टर इंजिन फिरवतो का? नुसता 'टक' आवाज आला, किंवा दिवे मंद झाले, तर दोष बॅटरीकडे आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते का पाहा. टोके साफ करून घट्ट बसवा.

२. स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही. मग पेट्रोल पाहा. काट्यावर विसंबू नका, काटाही बिघडतो. इंजिन बंद ठेवून हवेच्या फिल्टरचे झाकण काढा. कार्बोरेटरच्या तोंडात दुरून पाहा, आणि दुसऱ्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगा. पेट्रोलची बारीक धार उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे. धार नाही, तर टाकी, नळी, फिल्टर आणि पंप अशा ओळीने पाहत या.

३. पेट्रोल आहे, मग ठिणगी पाहा. आधी कार्बोरेटरवर झाकण बसवा आणि सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्या. एक जादा प्लग जवळ ठेवावा. प्लगची एक तार काढून ती या जादा प्लगला लावा. प्लगचे अंग इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. तार मूठ असलेल्या पकडीने धरा, नुसत्या हाताने नको. दुसऱ्याने चावी मारावी. निळी, कडक ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली ठिणगी कमजोर. ठिणगी नसली, तर तारा, कॉइल, डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि आतले पॉइंट पाहा. पावसाळ्यात पुष्कळदा झाकणात नुसता ओलावा असतो. कोरड्या फडक्याने पुसले की काम होते.

४. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, हवेचा फिल्टर साफ आहे, आणि तरीही गाडी चालत नाही. मग ठिणगीची वेळ चुकली असेल किंवा दाब कमी असेल. इथे थांबावे आणि मेकॅनिकला बोलवावे.

पुष्कळदा दोष करंटचा असतो आणि शिव्या बसतात कार्बोरेटरला. म्हणून तो सर्वांत शेवटी खोलायचा. तो खोलणे सोपे, पण जेटमध्ये तार घालून भोक मोठे केले की गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते.

गाडी स्वतःच सांगते

प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी असला तर ठीक. कोरडी काळी काजळी असली, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. चोक ओढलेला राहिला काय, हेही पाहा. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल तुंबले आहे. तुंबले असेल तर दहा मिनिटे थांबा. चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, आणि मग चावी मारा.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. थंडीत सकाळी थोडी वाफ निघते, त्याची काळजी नको. पण दाट पांढरा धूर थांबत नसला, तर रेडिएटरचे पाणी इंजिनात शिरत असेल. अशी गाडी चालवू नये.

उन्हाळ्यातला दोष

समजा, एप्रिलची दुपार आहे. मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलेली गाडी शिरढोण, कवठे महांकाळ ओलांडून नागज फाट्याजवळ बंद पडली. अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली. मग काय समजायचं? गाडी बंद असतानाच तपासावे.

टाकीचे झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. ते साफ करा, खर्च काही नाही. ठिणगी नसली, तर कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देतो. ठिणगी आहे पण धार नाही, तर नळीत पेट्रोलची वाफ अडकली असेल. गाडी सावलीत घ्या, बॉनेट उघडा, पंपावर ओले फडके ठेवा. इंजिन गार झाले की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये शंभर भागांत वीस भागांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्या उसापासूनही होते. पण जुन्या गाडीचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. नळ्या व पंपातला पडदा फुगतो, चिरतो. इथेनॉल पाणीही ओढून घेते. म्हणून दर वर्षी नळ्या पाहाव्यात, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये.

एक वही ठेवा

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉइल, पंप सारे एकदम बदलले, तर गाडी चालेल, पण दोष कशात होता ते कळणार नाही. चांगल्या वस्तूंचे पैसेही जातील.

आता तुम्हाला लिहिता येते. गाडीत एक वही ठेवा. तारीख लिहा. गाडी गार होती की तापलेली, ठिणगी होती की नाही, काय बदलले आणि किती पैसे दिले, ते लिहा. पुढच्या वेळी मेकॅनिककडे गेलात की वही पुढे करा. वही पाहिली की त्याचे निम्मे काम होईल, आणि तुमचे पैसे वाचतील.