घरच्या शेडमध्ये घडला वेगाचा विक्रम!

न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो यांनी १९२० मध्ये 'इंडियन स्काउट' मोटारसायकल घेतली. तिचा वेग जेमतेम ताशी ८८ किलोमीटर! मन्रोंना तो पुरेना. पण खिशात पैसा बेताचाच. मग घरच्या शेडमध्येच त्यांची खटपट सुरू झाली.

मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. त्यामुळे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला वळसा घालून आत जावे लागे. मन्रोंनी सिलिंडर हेडची रचनाच बदलली आणि व्हॉल्व्ह वरच्या बाजूला नेले. मिश्रणाची वाट सोपी झाली, इंजिनाची ताकद वाढली. पिस्टन त्यांनी जुन्या डब्यांत धातू ओतून बनवले. मोजमापाला मायक्रोमीटरऐवजी चाकाचा जुना स्पोक!

या प्रयोगांत कितीतरी सुटे भाग फुटले. मन्रोंनी ते फेकले नाहीत. 'वेगाच्या देवाला अर्पण' अशा अर्थाची पाटी लिहून ते फळीवर मांडून ठेवले.

अखेर १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर त्याच मोटारसायकलवरून त्यांनी ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. चाळीस वर्षांच्या चिकाटीचे चीज झाले!