मला, मले, माले : बोली बदलते, तरी समजते कशी?

श्रावणी सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा अशा सगळीकडून माणसे येतात. बेलफूल विकणाऱ्या बाईंशी प्रत्येकजण आपापल्या बोलीत बोलतो आणि दुभाष्या कुणालाच लागत नाही. बोली इतक्या वेगळ्या, तरी एकमेकांना समजतात कशा?

आधी फरक पाहू. वेरूळहून उत्तरेला कन्नड ओलांडून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश लागतो. घाटावर 'मला दे', तर खाली अहिराणीत 'माले दे'. तिथे 'आहे'चे 'शे' होते आणि 'मी जातो'चे 'मी जास'. वऱ्हाडात 'मले' आणि 'का' ऐवजी 'काहून' ऐकू येते. मराठवाड्यात अनेक ठिकाणी 'काय करतोस?' याला 'काय करायलास?' म्हणतात.

पण घाट म्हणजे काही भिंत नव्हे. कन्नड, सोयगाव या तालुक्यांतही अहिराणी बोलणारे आहेत. शिवाय प्रत्येक वैशिष्ट्याची सीमा निराळी असते. 'ले' हा प्रत्यय खानदेश आणि वऱ्हाड दोन्हीकडे आढळतो, 'शे' मात्र वऱ्हाडीत नाही. नकाशावर अशा सीमारेषा काढल्या तर त्या एकमेकींवर पडत नाहीत. म्हणून शेजारच्या गावाशी फरक थोडाच असतो. अंतर वाढते तसा तो साठत जातो. बोलींची ही एक साखळीच असते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. हे फरक मनमानी नसतात, त्यांना नियम असतो. अहिराणीत 'डोळा'चा 'डोया', 'काळा'चा 'काया', 'शाळा'ची 'शाया' होते. 'ळ'च्या जागी 'य' हा एक नियम कानाने पकडला की कितीतरी शब्द आपोआप उलगडतात. अडते ते निराळ्या शब्दांवर. स्पॅनिशमध्येही हेच दिसते. स्पेनच्या बऱ्याच भागात आणि लॅटिन अमेरिकेत काही अक्षरांचे उच्चार वेगळे आहेत, तरी संभाषण अडत नाही. बसला मात्र मेक्सिकोत 'कामिओन' आणि क्यूबात 'ग्वाग्वा' म्हणतात. तिथे विचारावे लागते.

तिसरे कारण सवयीचे. खानदेशातल्या मुलाच्या कानावर शाळा, रेडिओ, दूरदर्शन यांतून प्रमाण मराठी सतत पडते. पुण्यातल्या मुलाच्या कानावर अहिराणी पडत नाही. त्यामुळे पहिल्याला दुसऱ्याचे जितके कळते, तितके दुसऱ्याला पहिल्याचे कळत नाही. भाषा आणि बोली यांची सीमाही अशीच धूसर असते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली निघाला. खानदेशी मात्र त्यात नव्हती, ती १९०७ साली भिल्ली बोलींबरोबर आली. जनगणनेतही ती मराठीहून वेगळी मोजतात.

याचा आपल्या वर्गाशी थेट संबंध आहे. पहिलीतल्या मुलाने 'शाया' लिहिले की आपण लाल रेघ ओढतो. खरे तर त्याने घरच्या बोलीचा नियम अचूक पाळलेला असतो. वारंवार 'चूक' ऐकणारे मूल हळूहळू बोलायचेच थांबते. त्याऐवजी फळ्यावर दोन रकाने करावेत, 'घरी' आणि 'पुस्तकात'. मुलांकडून वीस शब्द घ्यावेत आणि काय बदलले हे त्यांनाच शोधू द्यावे. नियम मुलांनी स्वतः शोधला की प्रमाण भाषा शिकणे सोपे होते, आणि त्यासाठी घरची बोली टाकावी लागत नाही.