निसर्गछायाचित्रण : हौस आणि उदरनिर्वाह

ताडोबाच्या जंगलात भर उन्हाळ्यात एखाद्या पाणवठ्यावर वाघ उतरला, की समोरच्या जिप्सींमधून एकाच वेळी दहा-बारा कॅमेरे रोखले जातात. त्या सर्वांतून निघणारी छायाचित्रे जवळपास सारखीच असतात. निसर्गछायाचित्रण हा व्यवसाय म्हणून स्वीकारू इच्छिणाऱ्यांनी या दृश्याचा अर्थ आधी समजून घ्यायला हवा. जे चित्र दहा जणांपाशी आहे, त्याचे मोल देणारा ग्राहक सहसा मिळत नाही. इंटरनेटवरील छायाचित्रसंग्रहांनी सुट्या चित्रांचे दर पूर्वीच खाली आणले होते. २०२२ पासून संगणकनिर्मित चित्रांचीही त्यात भर पडली.

मग उत्पन्न येते कोठून? मुख्यतः सांगून करवून घेतलेल्या कामांतून. कृषी पर्यटन केंद्रे, रिसॉर्ट, पर्यावरणविषयक अहवाल तयार करणाऱ्या संस्था, प्रकाशक हे या क्षेत्रातील खरे ग्राहक. अनुभव गाठीशी आल्यावर कार्यशाळा आणि मार्गदर्शित सहली यांचीही जोड मिळते. सुरुवातीची काही वर्षे मात्र लग्नसराईतील कामांवर घर चालवून उरलेले दिवस रानात घालवावे लागतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. विवाहपूर्व छायाचित्रणाची कामे तर बहुधा उघड्यावरच होतात आणि बदलत्या उजेडाचा सराव तेथे आपोआप होतो.

दूरच्या अभयारण्यांच्या वाऱ्या करण्यापेक्षा घराजवळचा एक प्रदेश निवडून त्याचा पिच्छा पुरवणे अधिक फलदायी ठरते. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारसा यादीत आले आणि फुलांच्या हंगामात तेथे गर्दी लोटू लागली. परंतु त्याच पठाराची उन्हाळ्यातील होरपळ, पहिल्या पावसातील बदल आणि फुले ओसरल्यानंतरचे रूप टिपणारे थोडेच. सह्याद्रीतील कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. ती संधी हुकली, तर पुन्हा तितकीच वर्षे थांबावे लागते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांचेही तसेच. एकाच जागेची तारीखवार, शास्त्रीय नावांसह लावलेली दहा वर्षांची छायाचित्रे प्रकाशकाला आणि अभ्यासकाला हवी असतात. असा संग्रह दुसऱ्या कोणाला घाईने उभा करता येत नाही.

साधनांविषयी थोडक्यात. महागडी टेलिलेन्स आरंभीच कर्ज काढून घेण्याची आवश्यकता नाही. लागेल तेव्हा ती भाड्यानेही मिळते. कोकणातील व घाटमाथ्यावरील दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. त्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा खर्च मात्र टाळू नये.

परवानग्यांच्या बाबतीत अनेक नवोदित बेफिकीर असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव संरक्षकांना आहे. अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांना बाधा न आणता छायाचित्रण व्हावे, ही अट २०२२ च्या दुरुस्तीने कलमातच आली. पर्यटकाचे तिकीट म्हणजे व्यावसायिक चित्रीकरणाचा परवाना नव्हे. घरट्यासमोरच्या फांद्या छाटून काढलेले चित्र सुंदर दिसते, पण त्यामुळे पिल्ले ऊन आणि शिकारी पक्षी यांच्यापुढे उघडी पडतात. अशा चित्राची किंमत कोणीतरी दुसराच मोजत असतो. ड्रोनने व्यावसायिक काम करायचे, तर २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड यंत्रासाठी चालकाला प्रमाणपत्र लागते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते कागदावर. कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये छायाचित्राचा पहिला मालक सामान्यतः छायाचित्रकारच असतो. परंतु मोबदला देऊन एखाद्याने ते काढून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर मालकी काम देणाऱ्याकडे जाते. म्हणजे एखाद्या रिसॉर्टसाठी चार पावसाळी दिवस भिजून काढलेली दरीची चित्रे पुढे स्वतःच्या पुस्तकात छापण्यासाठी छायाचित्रकारालाच परवानगी मागावी लागू शकते. तोंडी बोलणी आणि ओळखीवर विसंबून केलेल्या कामांत हेच घडते. यासाठी दर ठरवण्यापूर्वीच चित्रे कोठे, किती काळ आणि कशासाठी वापरली जातील आणि मालकी कोणाकडे राहील, हे दोन ओळींत का होईना, लिहून घ्यावे. लेखी हस्तांतरणात मुदत नमूद नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश नमूद नसेल, तर भारतापुरताच. हक्क विकल्यानंतरही कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडेच राहतो. वाद उद्भवलाच, तर कॅमेऱ्यातून निघालेली मूळ रॉ फाइल हा मोठा आधार असतो. तिच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणी जपून ठेवाव्यात आणि ग्राहकाच्या हाती ती सहजासहजी देऊ नये.