कर्करोगाआधीची वर्षे : गर्भाशयमुखाच्या तपासणीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्भाशयाचा योनिमार्गात उतरणारा खालचा, अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख, ज्याला ग्रामीण बोलीत ‘पिशवीचे तोंड’ म्हणतात. या भागाच्या कर्करोगाचे भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. याच्या शेजारी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील (२०१९-२१) आकडा ठेवला, तर विसंगती लगेच ध्यानात येते. कारण ३० ते ४९ वयोगटातील ज्या भारतीय स्त्रियांची या रोगासाठी एकदा तरी तपासणी झाली आहे, त्यांचे प्रमाण जेमतेम दोन टक्के आहे. या विसंगतीला साधनांचा तुटवडा जबाबदार आहेच, परंतु त्याच्या जोडीला काही पक्के रुजलेले गैरसमजही आहेत आणि ते केवळ अशिक्षितांचे आहेत असे मानणे हा त्यांतलाच एक होय.

सर्वांत मोठा गैरसमज असा की, कर्करोग एकाएकी होतो आणि त्रास जाणवू लागला की तपासून घेता येते. वस्तुतः ज्यांची वाटचाल इतकी संथ आणि इतक्या नेमकेपणाने ठाऊक आहे असे कर्करोग फार थोडे आहेत. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, याच्या काही प्रकारांचा दीर्घकाळ टिकून राहणारा संसर्ग हे या कर्करोगाचे कारण आहे. त्यांपैकी १६ क्रमांकाचा प्रकार १९८३ मध्ये शोधून काढणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाच्या आतील नाजूक, उभ्या पेशींची जागा बाहेरील चपट्या पेशी ज्या कडेवर घेत असतात, त्या कडेला परिवर्तनक्षेत्र म्हणतात आणि विषाणू नेमका तेथेच ठाण मांडतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातील प्रतिकारशक्ती त्याला एकदोन वर्षांत हुसकावून लावते. ज्या थोड्यांच्या बाबतीत तो टिकतो, त्यांच्या पेशींच्या थरात हळूहळू बिघाड सुरू होतो, मात्र त्या पेशी थराखालचा पडदा ओलांडून आत शिरलेल्या नसतात. हीच कर्करोगपूर्व अवस्था होय. वैद्यकीय भाषेत तिला सीआयएन असे नाव असून, थराचा किती भाग बिघडला आहे त्यावरून तिच्या एक, दोन आणि तीन अशा पायऱ्या मानल्या जातात.

‘कर्करोगपूर्व बदल म्हणजे कर्करोगच’ हा समज येथेच तपासून घ्यावा लागतो. पहिल्या पायरीवरचे बहुतांश बदल आपोआप मावळतात, दुसऱ्या पायरीवरचेही अनेक मावळतात. तिसऱ्या पायरीचे काय होते, हे जगाला एका दुर्दैवी प्रकरणातून कळले. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एका रुग्णालयात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसऱ्या पायरीचे बदल असलेल्या काही स्त्रियांना पुरेसे उपचार न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले होते. पुढे या प्रकाराची न्यायालयीन स्वरूपाची चौकशी झाली आणि त्या स्त्रियांच्या नोंदींच्या अभ्यासातून असे निघाले की, तीस वर्षांच्या कालावधीत त्यांच्यापैकी सुमारे तीस टक्क्यांना कर्करोग झाला, तर रीतसर उपचार झालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी राहिले. कर्करोगपूर्व बदल दुर्लक्षून चालत नाही आणि त्यांमुळे घाबरून जाण्याचेही कारण नाही, या दोन्ही गोष्टी या एकाच आकडेवारीत आहेत. हाताशी असलेला अवधी बहुधा दहा ते वीस वर्षांचा असतो. एचआयव्हीबाधित स्त्रियांमध्ये मात्र तो बराच कमी होतो आणि कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, म्हणून त्यांची तपासणी तिशीऐवजी पंचविशीपासून आणि अधिक वेळा करण्याची शिफारस आहे.

या अवधीत कसलाही त्रास होत नाही, ही खरी अडचण आहे. दुखत नाही, रक्त जात नाही, पाळी बिघडत नाही. त्यामुळे ‘मला काही होत नाही, मग तपासायचे कशाला’ हा प्रश्न व्यवहारी वाटला तरी उलटा आहे, कारण ज्यांना काही होत नाही त्यांच्यासाठीच चाळणी तपासणी असते. शरीरसंबंधानंतर रक्तस्राव होणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त स्राव होणे, ही लक्षणे असतील तर चाळणीच्या शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे लागते. दुसरीकडे, अंगावरून पांढरे जाणे ही तक्रार घेऊन आलेल्या बहुसंख्य स्त्रियांना साधा जंतुसंसर्ग असतो किंवा तो नैसर्गिक स्रावही असतो. पांढरे जाते म्हणजे कर्करोग होणार, या समजाला शास्त्रीय आधार नाही.

या निराधार समजाची किंमत मराठवाड्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांनी मोजली. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. म्हणजे सहांपैकी एकीचे, आणि देशाची सरासरी मात्र प्रजननवयातील शंभर स्त्रियांमागे तीनच्या आसपास आहे. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादमाकडून होणारी कपात, फडावर शौचालय व पाण्याचा अभाव ही कारणे त्यामागे होतीच, पण ‘पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती घालणारे खासगी व्यावसायिकही होते. वास्तविक कर्करोगपूर्व बदलांवर बहुतेक वेळा गर्भाशय काढण्याची गरजच नसते. बाधित भाग गोठवून किंवा तापवून नष्ट करता येतो, अथवा विजेच्या तारेच्या वेटोळ्याने तेवढाच तुकडा कापून काढता येतो. तरुण वयात गर्भाशय आणि त्याबरोबर अनेकदा अंडाशयही गेल्याने हाडे ठिसूळ होण्यापासून हृदयविकारापर्यंतचे धोके मात्र वाढतात. शिवाय शस्त्रक्रियेत गर्भाशयमुख मागे ठेवले गेले असेल, तर या कर्करोगाची शक्यता शिल्लकच राहते आणि ते ठेवले की काढले हे पुष्कळ स्त्रियांना सांगितलेलेही नसते. एका बाजूला दोन टक्के तपासणी आणि दुसऱ्या बाजूला ही कापाकापी, ही टोके परस्परविरोधी भासतात, पण दोन्हींच्या मुळाशी कर्करोगपूर्व अवस्थेविषयीचे एकच अज्ञान आहे.

तपासणी म्हणजे मोठे रुग्णालय आणि महागडी यंत्रे, हा समज पॅप चाचणीमुळे तयार झाला. गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची ही पद्धत श्रीमंत देशांत कर्करोगाचे प्रमाण झपाट्याने खाली आणण्यास कारणीभूत ठरली. परंतु तिच्यासाठी प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ, दर्जावर लक्ष ठेवणारी प्रयोगशाळा आणि अहवालासाठी पुन्हा येणारी स्त्री, या तिन्ही गोष्टी लागतात. त्याऐवजी गर्भाशयमुखाला तीन ते पाच टक्के तीव्रतेचे असेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून मिनिटभराने उघड्या डोळ्यांनी पाहण्याची व्हीआयए ही पद्धत पुढे आली. बिघडलेल्या पेशींत प्रथिने दाट असल्याने ती या आम्लाने साकळतात आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्तींनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, तेव्हा या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि व्हीआयएचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकणे म्हणजे एका गैरसमजाच्या जागी दुसरा बसवणे होय. डोळ्यांना दिसणाऱ्या पांढऱ्या डागाचा अर्थ तपासणाऱ्या व्यक्तीनुसार बदलतो, साध्या सुजेनेही डाग दिसतो, आणि पाळी गेल्यानंतर परिवर्तनक्षेत्र आत सरकत असल्याने पन्नाशीपुढे ही पद्धत फारशी विश्वसनीय राहत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून झालेल्या अभ्यासाने हे स्पष्ट केले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांची गावनिहाय चार गटांत विभागणी केली. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए प्रत्येकी एकदाच करण्यात आली आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. आठ वर्षांनंतर एचपीव्ही गटात ३४ मृत्यू झाले होते आणि चौथ्या गटात ६४. पॅप व व्हीआयए गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांना पुढील काळात कर्करोग होण्याचे प्रमाण इतर दोन चाचण्यांत निर्दोष ठरलेल्यांच्या एकचतुर्थांशाहूनही कमी होते. अशा अभ्यासांत एका गटाला तपासणीविना ठेवण्यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गैरलागू म्हणता येत नाहीत. पण तीस वर्षांपुढील स्त्रियांसाठी एचपीव्ही चाचणीला प्राधान्य देणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांना ज्या पुराव्याचा आधार आहे, त्यात मराठवाड्यातील या खेड्यांचा वाटा मोठा आहे. या चाचणीचा आणखी एक लाभ असा की, नमुना स्त्रीला स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे परक्या व्यक्तीसमोर तपासणीच्या टेबलावर झोपण्याचा संकोच उरत नाही.

एचपीव्ही लैंगिक संबंधांतून पसरतो हे कळले की चारित्र्याची चर्चा सुरू होते, आणि ती बहुधा स्त्रीच्याच चारित्र्याची असते. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा संसर्ग होतोच. तो वर्षानुवर्षे सुप्त राहू शकत असल्याने चाचणीत तो सापडला म्हणून तो कधी आणि कोणाकडून आला, हे सांगता येत नाही. आयुष्यभर एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या स्त्रीलाही तो होतो.

लसीविषयीचा गोंधळ थोडक्यात निस्तरता येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस विषाणूच्या चार प्रकारांपासून संरक्षण देते आणि त्यांतले १६ व १८ हे दोन प्रकार जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांना कारणीभूत आहेत. लस संसर्ग होण्याआधी, म्हणजे ९ ते १४ या वयात दिल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते. ती असलेला संसर्ग किंवा झालेले बदल बरे करत नाही. त्यामुळे आज तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना लस हा तपासणीचा पर्याय नाही, आणि लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी करून घ्यावीच लागेल.

अखेरचा गैरसमज सर्वसामान्यांपेक्षा कार्यक्रम आखणाऱ्यांमध्ये अधिक आढळतो. शिबिर भरवले, आशा कार्यकर्तींनी बायका आणल्या, तपासणीचा आकडा भरला, की काम झाले असे त्यांना वाटते. परंतु तपासणीने कोणीही बरे होत नाही. दोष आढळलेल्या स्त्रीला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावले जाते, तेथे जायला मजुरी बुडवावी लागते, सोबत कोणी मिळत नाही, आणि तिची चिठ्ठी घरातच राहते. म्हणूनच साधने तुटपुंजी असलेल्या प्रदेशांसाठी ‘तपासा आणि त्याच भेटीत उपचार करा’ ही पद्धत सुचवली गेली असून, हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाने बाधित भाग सुमारे शंभर अंश सेल्सिअस तापमानाने मिनिटाच्या आत नष्ट करता येतो. प्रशिक्षित परिचारिकाही हे करू शकते. डाग पूर्ण दिसत नसेल किंवा कर्करोगाचा संशय असेल, तर मात्र पुढच्या रुग्णालयात पाठवण्याला पर्याय नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०३० सालच्या उद्दिष्टांत सत्तर टक्के स्त्रियांच्या तपासणीबरोबरच दोष आढळलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांवर उपचार होणे ही स्वतंत्र अट आहे. भारतातील तपासणी मोहिमांचे यशापयश याच दुसऱ्या आकड्यावर मोजले पाहिजे, आणि तोपर्यंत शिबिरांत तपासलेल्या स्त्रियांची संख्या प्रगती म्हणून छापणे थांबवले पाहिजे.